खिंडीअलीकडचा हिल्दो

माझ्या भावाच्या पायाला भिंगरी आहे असं लोक म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. भिंगरी निदान एका जागी फिरते. हिल्दो कधी एका जागी फिरलाय?

जेवायला बसला की अर्ध्या घासावर उठणार, खिडकीतून आपली गाडी जागेवर आहे ना ते बघून येणार आणि पुन्हा खुर्चीला पाठ लागायच्या आत म्हणणार, "चला, निघू या." कुठे, ते त्यालाही ठाऊक नसतं. अर्जेंटिनातल्या आमच्या मेंदोसात येर्बाच्या कडू चहाची वाटी हातात घेतली की माणूस तासभर हलत नाही. नळीने घोट घ्यायचा, वाटी पुढे सरकवायची, जगाच्या चौकशा करायच्या. हा दोन घोट ओढतो आणि वाटी माझ्या हातात कोंबतो, बस सुटायची वेळ झाल्यासारखी.

खरं म्हणजे त्याच्या आयुष्यात बस कायम सुटायलाच आलेली असायची. लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता तो. सांतियागो, असुन्सिऑन, ब्राझीलपर्यंत. निवृत्त झाल्यावर कुणी द्राक्षांचा मांडव घालतं, कुणी पत्ते खेळायला जातं. ह्याने घर विकलं आणि कंपनीने मोडीत काढलेली एक जुनी बस घेतली. बाकडी उपटून टाकली, आत पलंग बसवला, शेगडी बसवली, भांडी घासायला मोरी केली. पडदे मी शिवून दिले, कारण त्याने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती आणि मला ते बघवेना. त्या घरगाडीत तो राहतो आणि त्याच्याबरोबर मेंद्रुगो.

मेंद्रुगो म्हणजे शिळ्या पावाचा तुकडा. कुत्र्याचं हे नाव एदेल्माने ठेवलं होतं, हिल्दोच्या बायकोने. बेकरीच्या मागच्या बाजूला तिला हे पिल्लू सापडलं आणि रंगही अगदी तसाच होता. आता एदेल्मा नाही, मेंद्रुगो आहे. हे दोघं घरगाडीतून बोलिव्हिया हिंडून आले, पाराग्वे हिंडून आले, उरुग्वेच्या किनाऱ्यावर वाळूत लोळून आले. मेंद्रुगोची लस, जंताची गोळी, सरकारी डॉक्टरचा दाखला, सगळं कसं वेळच्या वेळी. हिल्दोचे स्वतःचे दात पडायला आलेत, तिकडे बघायला त्याला सवड नाही. त्या कुत्र्याने जितके देश पाहिलेत तितकी मी गावं पाहिलेली नाहीत.

फक्त चिली मेंद्रुगोने पाहिला नव्हता. आणि चिली तर आमच्या उशाशी. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की जो डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडे चिली. तिथे कियोता गावात हिल्दोची एकुलती एक मुलगी राहते, नोएमी.

एदेल्मा तिच्याकडेच राहायला गेली होती आणि तिथेच अंथरुणाला खिळली. हिल्दो तेव्हा ब्राझीलच्या फेरीवर होता. शेवटचं बघून जा, हा निरोप त्याला पोर्तो अलेग्रेच्या थांब्यावर मिळाला. तिथे बदली ड्रायव्हर हजर होता, गाडी त्याच्या ताब्यात देऊन हा विमानाने जाऊ शकला असता. गेला नाही. सगळ्या प्रवाशांना मेंदोसाला आणून सोडलं, बस झाडून घेतली, किल्ल्या जमा केल्या. तोवर एदेल्माला मूठमाती देऊन झाली होती. "प्रवाशांना वाऱ्यावर कसं सोडणार?" तो फोनवर म्हणाला. "आईला सोडलंस ना," नोएमी म्हणाली. त्यानंतर बापलेकीत सणावाराच्या फोनपलीकडे बोलणं नाही.

दोनदा निघाला होता तिच्याकडे. दोन्ही वेळा डोंगरातून माघारी आला. एकदा म्हणे ब्रेक धड लागत नव्हते. दुसऱ्यांदा म्हणे मेंद्रुगोचा कान दुखत होता. मी तो कान उलटा-सुलटा करून पाहिला, ठणठणीत होता.

यंदा नोएमीला मुलगी झाली. किती वर्षं वाट पाहून झाली, ते माझं मला माहीत. बारशाला, म्हणजे चर्चमध्ये पोरीच्या डोक्यावर पाणी घालतात त्या दिवसाला, बापाला बोलवायचं तर तिने फोन मला केला.

"आत्या, तू घेऊन ये त्याला. बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत. आणि हे बघ, बाबा यंदाही डोंगरातून मागे फिरला तर मी परत बोलावणार नाही. पोरीला सांगेन, तुला आजोबा नाहीत."

ती हिल्दोची मुलगी आहे, बोलली की करते. म्हणून मी गुडघ्यांना तेल चोळलं आणि त्या घरगाडीत चढले.

निघालो खरे, पण गाडी पुढे कसली सरकते! उस्पाय्याता गावाच्या पुढे दर वळणाला हा उतरतोय. टायर बघ. ऑइल बघ. मेंद्रुगोला पाय मोकळे करू दे. वाळवंटात तहानेने मेलेल्या एका बाईची देवळी रस्त्याकडेला लागली, तिथे पाण्याची बाटली ठेवायला थांबला, ते ठीक. सगळेच ड्रायव्हर ठेवतात. पण हा बाटली ठेवून तिथेच दगडावर बसला. ज्याला माझ्या घरात खुर्ची टोचते तो दगडावर बसला.

"काय, मुक्काम करायचाय का?" मी खिडकीतून विचारलं.

"ढग बघतोय."

"ढग गाडीतूनही दिसतात. चढ वर."

असं करत आम्ही लास क्वेवासला पोचलो. चिलीत उतरणाऱ्या बोगद्याच्या अलीकडचं हे शेवटचं ठिकाण. एक खानावळ, थोडी घरं, बाकी वारा. आणि इथे आमच्या लोकांचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. पलीकडची तपासणी भारी कडक. फळ, मांस, चीज, मध, काही म्हणजे काही नेऊ देत नाहीत, पिशवीच्या तळाशी सफरचंदाची फोड सापडली तरी दंड. आणि आमच्या लोकांना अन्न टाकवत नाही. मग बोगद्याच्या तोंडाशी सगळे गाड्या थांबवतात आणि जे काय बरोबर आहे ते बसून संपवतात. त्या दिवशीही रस्त्याकडेला फडकी पसरून बरीच कुटुंबं खात होती. एक जाडे गृहस्थ एकटेच केळ्यांचा घड संपवत होते आणि बायको त्यांना वरून धीर देत होती.

माझ्याकडे होतं घरी वाळवलेलं डुकराचं सॉसेज, हातभर लांब, आणि शेळीच्या दुधाचं चीज. नोएमीसाठी. नेता येत नाही हे मला ठाऊक होतं, पण मी ते गुडघ्याच्या पट्ट्याखाली लपवणार होते. हिल्दोने ते ओळखलं.

"देल्मिरा, तुला तुरुंगात डबा पोचवायची मला हौस नाही. काढ ते."

काढलं. दोघांनी खाल्लं जमेल तेवढं. वारा इतका गार की जबडा चालेना. "एक तुकडा टाकायचा नाही हं," मी बजावलं आणि थर्मासमध्ये गरम पाणी भरून घ्यायला खानावळीत गेले. परत येते तर फडकं रिकामं, घडी करून ठेवलेलं. "संपलं?" म्हटलं. "संपलं," तो म्हणाला. मला कौतुक वाटलं, म्हटलं आज धड जेवला तरी.

बोगदा पार केला, पलीकडच्या तपासणीच्या मोठ्या शेडमध्ये रांगेत उभे राहिलो. हिल्दोची बोटं स्टिअरिंगवर सारखी वाजत होती. मेंद्रुगो जागा बदलत होता. पलंगाखाली गेला, बाहेर आला, माझ्या पायांशी बसला, पुन्हा उठला. मला वाटलं मालकाचं वारं लागलंय.

मग त्यांचा हुंगणारा कुत्रा आला, हिरवं जाकीट घातलेला, फार शिस्तीचा, आणि मागोमाग जनावरांची डॉक्टर, एक तरुण मुलगी. सामान लपवलेलं सापडलं की तो गुपचूप खाली बसतो, ती त्याची खूण. तो आमच्या गाडीत चढला, शेगडी हुंगली, माझी पिशवी हुंगली, माझ्या गुडघ्यापाशी जरा जास्त वेळ रेंगाळला. मग वळला आणि मेंद्रुगोच्या तोंडासमोर जाऊन खाली बसला. दोघं एकमेकांकडे बघताहेत. तेवढ्यात मेंद्रुगोचं पोट आतबाहेर झालं आणि त्याने माझं सॉसेज त्या डॉक्टर मुलीच्या बुटांवर काढलं. थोडं नाही, आमचं उरलेलं सगळं.

त्यानंतर तो पाय पसरून पडला तो उठेचना. डोळे अर्धे मिटलेले, जीभ बाहेर. मुलगी बिचारी चांगली होती. बूट पुसत पुसत तिने कागद पाहिले, मेंद्रुगोचं पोट दाबून पाहिलं.

"काका, कागद ठीक आहेत, पण कुत्रा ठीक नाही. आजारी जनावर मला आत सोडता येत नाही. तुम्ही दोघं जाऊ शकता. ह्याला परत न्यावं लागेल. बरा झाला की नवा दाखला घेऊन या."

आता माझा भाऊ म्हणजे जन्मभर नाक्यानाक्यावर हुज्जत घातलेला माणूस. उरुग्वेच्या हद्दीवर टायरच्या हवेवरून साहेबाला रडवलेला. तो म्हणाला, "नियम म्हणजे नियम, बाई." आणि गाडीत चढून स्टिअरिंगवर बसला. पाठीवरचं पोतं उतरलं की हमालाचे खांदे सैल पडतात, तसे त्याचे खांदे पडले. गाडी वळवताना तो शीळ घालत होता.

तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खूश झालास ना?"

"काहीतरी काय बोलतेस. कुत्रा आजारी आहे."

"कुणी पाडला आजारी? उरलेलं सगळं सॉसेज घातलंस त्याला?"

"तूच म्हणालीस, टाकायचं नाही."

"टाकू नको म्हणाले, मेंद्रुगोला मार म्हणाले नाही. जन्मभर तू प्रवाशांवर ओरडत आलास, खिंडीत पोरांना जड खायला घालू नका, वर चढलं की ओकतात. आज ते कुठे गेलं?"

बोगद्यात दिवे मागे पडत होते, मेंद्रुगो कण्हत होता.

"मुद्दाम नाही घातलं," तो म्हणाला. मग बोगदा संपता संपता, "मला नाही वाटत मुद्दाम घातलं."

ते ऐकून माझा राग निम्मा उतरला. खोटं बोलणाऱ्याला झोडता येतं, ह्याला काय करणार? "कुणाला घाबरतोस एवढा? पोटच्या पोरीला?"

"नोएमीला नाही."

"मग?"

"त्या घरात ती खोली आहे, देल्मिरा. आत गेलो की एदेल्मा तिथे नसणार. मी बाहेर आहे तोवर ती पोरीकडे राहायला गेलेली आहे. एवढंच."

त्याला जवळ घ्यावं आणि एक थोबाडीतही द्यावी, असं मला एकाच वेळी वाटलं. दोन्ही केलं नाही, कारण तो गाडी चालवत होता. मला रडू आलं ते मी खिडकीकडे तोंड करून उरकलं. म्हणजे इतकी वर्षं हे सगळं हिंडणं, हे देश नि हे नाके, कशासाठी ते मला आत्ता कळलं. आणि तो पुन्हा माघारी निघाला होता आणि कियोतात नोएमी वाट बघत होती आणि तिने दिलेला शब्द ती मोडणार नव्हती.

लास क्वेवासला खानावळीशेजारी मी गाडी थांबवायला लावली. "लाव इथे. नीट लाव, बरेच दिवस राहायची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी नि मेंद्रुगो इथे राहतो. तू जातोस."

"कसा जाणार? गाडी इथे, आणि मी..."

"पाय आहेत ना? भिंगरी लावलेले?"

तेवढ्यात मेंदोसाहून चिलीला निघालेली बस आली आणि आमच्या समोर थांबली, प्रवाशांना फळं संपवायला वेळ द्यायला. स्टिअरिंगवर रूफो. हिल्दोच्या हाताखाली शिकलेला, अजूनही त्याला उस्ताद म्हणतो.

"उस्ताद, तुम्ही इथे? आणि मेंद्रुगो असा का पडलाय, निवडणूक हरलेल्या पुढाऱ्यासारखा?"

"रूफो," मी म्हटलं, "तुझ्या वाटेवर कियोता लागतं. ह्याला पोरीच्या दारापर्यंत सोड. मध्ये उतरतो म्हणाला तर उतरू देऊ नकोस."

"देल्मिराबाई, उस्तादांना अडवणारा मी कोण?"

"आज तू ड्रायव्हर आहेस. हा प्रवासी आहे."

रूफोने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हिल्दोकडे, आणि दार उघडून धरलं. त्याची आई गेली तेव्हा तो गाडी सोडून धावला होता, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं.

हिल्दो चढला. लगेच उतरला, म्हणे चष्मा राहिला. चष्मा नाकावर होता. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. "मेंद्रुगो माझ्याशिवाय राहत नाही."

"तो राहील. तूच राहत नाहीस त्याच्याशिवाय. हिल्दो, माझे गुडघे पाहा, माझं वय पाहा. मी ह्या वाऱ्यात तुझ्यासाठी उभी आहे. जा."

गेला. दार बंद झालं तेव्हा तो आत उभा होता आणि कुठे धरावं ते त्याला कळत नव्हतं. आयुष्यभर बसमध्ये काढलेला माणूस, पण प्रवाशासारखा तो बसमध्ये कधी उभाच राहिला नव्हता. बस बोगद्यात शिरली. मेंद्रुगोने मान उचलून पाहिलं आणि परत टाकली.

भाताची पेज पाजून मी त्याला उभा केला. पण दुसऱ्याच दिवशी बर्फ सुरू झालं, सैनिकांनी रस्त्यावर आडवा बांबू टाकला आणि खिंड बंद. हिल्दो पलीकडे, आम्ही अलीकडे. खानावळवालीने मला तिच्या स्वयंपाकघरामागची खोली दिली आणि आता भिंगरी माझ्या पायाला लागली. खिडकीतून दारात, दारातून खिडकीत. माझ्यामागे मेंद्रुगो. हिल्दो पोचला असेल ना? की रूफोला फसवून कुठल्या तरी वळणावर उतरला? खानावळवाली म्हणाली, "बाई, तुम्ही दोघं बसा तरी, माझी फरशी झिजतेय."

मग नोएमीचा फोन आला. बाबा पोचला म्हणे. चर्चमध्ये दाराशीच उभा राहिला, पण पूर्ण वेळ उभा राहिला. घरी मात्र आत येत नाही. अंगणात ॲव्होकाडोच्या झाडाखाली बसतो, स्वयंपाकघरात दाराजवळच्या खुर्चीवर झोपतो. "आत्या, सारखा उठून खिंडीची बातमी विचारतो. मी काय करू?"

"काही करू नकोस. जेवायला घाल."

"पाळणा त्या खोलीत हलवू?"

"हलव," म्हटलं.

मग त्याचाच फोन. कशी आहेस नाही, काही नाही. "खिंड उघडली का?"

"नाही."

"कधी उघडेल?"

"मी काय खिंडीची मालकीण आहे?"

"मेंद्रुगो?"

"माझ्या पांघरुणात. खोलीत गेलास?"

"पाळणा तिथेच ठेवलाय तिने. मुद्दाम. तुम्हा दोघींचा कट आहे हा."

"आहेच," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर फोन नाही. बर्फ पडत राहिलं. मी येर्बा करायची, प्यायची विसरायची. तो निघून गेला असेल तर? पोरीशी पुन्हा वाजलं असेल तर? बर्फातून पायी निघायलाही कमी करायचा नाही तो. एकदा मेंद्रुगो दाराशी उभा राहून उगाच भुंकला आणि मी अनवाणी बाहेर धावले. कुणी नव्हतं.

शेवटी ऊन पडलं. यंत्रांनी रस्ता साफ केला, बांबू वर गेला, अडकलेल्या ट्रकची रांग हलायला लागली. रूफो पलीकडे अडकला होता, तो उद्या सकाळी मेंदोसाला परत येणार अशी बातमी आली. मी खानावळीतल्या फोनकडे जवळजवळ पळतच गेले.

बराच वेळ वाजत राहिला. मग हिल्दोने उचलला.

"हिल्दो, खिंड उघडली. रूफो उद्या निघतोय, त्याला सांग तुला..."

"हळू बोल," तो कुजबुजला.

"काय?"

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"कुठे आहेस तू?"

"खोलीत. एदेल्माच्या पलंगावर बसलोय. ही छातीवर झोपलीय माझ्या. पाळण्यात ठेवली की रडते, आणि मी जरा हाललो तरी उठते. सकाळपासून असाच बसलोय."

"आणि रूफो?"

"जाऊ दे रूफोला. मी येतो सावकाश. मेंद्रुगोला सांग."

सावकाश हा शब्द मी माझ्या भावाच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. तिकडे नोएमी काहीतरी म्हणाली, त्याने तिलाही 'श्श' केलं, ते मला ऐकू आलं. मग मी फोन ठेवला, अगदी हळूच, जसा काही इथला आवाज पलीकडे जाऊन पोरीची झोप मोडणार होता.